घर विकायचे तर कागद श्रावणात, सौदा दसऱ्याला

गोंदिया जिल्ह्यात पैसा धानाबरोबर येतो. आम्हा कापडवाल्यांना हे कोणी सांगावे लागत नाही. आषाढात उधारीची वही भरत जाते आणि धान विकले की ती रिकामी होऊ लागते. म्हणूनच दसरा-दिवाळीचा माल आम्ही पाऊस चालू असतानाच दुकानात भरून ठेवतो. घर विकताना मात्र हेच व्यापारी बंधू धंद्याची ही साधी रीत विसरतात. दसऱ्याला गिऱ्हाईक दारात उभे राहते, आणि मग वारसांची नावे चढवायची धावपळ सुरू होते. तोवर गिऱ्हाईक दुसरे घर घेऊन मोकळे होते.

घर विकणे हा आयुष्यात एकदा-दोनदा करायचा सौदा. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, दुकानाचे कर्ज किंवा भावांची वाटणी यांपैकी काहीतरी त्यामागे असते. त्यात चार पैसे कमी आले तर पुढच्या सीझनला ते भरून निघत नाहीत. म्हणून या सौद्याची वेळ कशी साधावी, याचा विचार येथे करीत आहोत.

धानाचा पैसा केव्हा हातात येतो?

खरिपाचे हलके धान दसरा-दिवाळीच्या सुमारास निघते. भारी धान कापून, मळून घरात येईपर्यंत नोव्हेंबर-डिसेंबर उजाडतो. सरकारी खरेदीचा हंगाम १ ऑक्टोबरपासून मोजला जातो. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. पण भाव जाहीर होणे वेगळे आणि पैसा खात्यात पडणे वेगळे. केंद्रावर माप व्हायचे, नोंद व्हायची, मग रक्कम बँकेत जमा व्हायची. त्यात दिवस जातात.

याचा अर्थ असा की ज्याचे उत्पन्न धानावर आहे तो दसऱ्याला घर पाहतो, इसार देतो, पण पूर्ण रक्कम डिसेंबरच्या आत क्वचितच देऊ शकतो. हे केवळ शेतकऱ्याचे नाही. राईस मिलवाला, अडत्या, किराणेवाला, कापडवाला या सर्वांचा पैसा त्याच रांगेत उभा असतो. म्हणून इसारपत्रात पंधरा दिवसांची मुदत घालून गिऱ्हाईक अडचणीत आणण्यापेक्षा इसार चांगला घ्यावा आणि मुदत धानाच्या हिशेबाने द्यावी.

नोकरदार गिऱ्हाईक निराळे. रेल्वेचे कर्मचारी, शिक्षक, २०१६ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील मंडळी यांचा पैसा बँकेच्या कर्जातून येतो. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून मुलेबाळे घेऊन घर बदलणे त्यांना उन्हाळ्यात सोयीचे जाते. त्यांना दसऱ्याला घर विकता येत नाही असे नाही, पण बँकेचा वकील सहसा मागील तीस वर्षांचे कागद तपासतो. तेथे कागद अपुरे असतील तर कर्ज अडते.

पंचांगाकडे दुर्लक्ष नको

आपल्या जिल्ह्यात घर घेणारे बहुसंख्य लोक हिंदू बांधव आहेत. ते पितृपक्षात नवा सौदा करीत नाहीत आणि दसरा हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक मानतात. व्यापाऱ्याने गिऱ्हाईकाची ही चाल ओळखली पाहिजे. पितृपक्षात घर पाहायला कोणी येत नाही म्हणून घाबरून भाव उतरवणारे लोक आम्ही पाहिले आहेत. पंधरा दिवस थांबले असते तर तेच घर आपल्या भावाने गेले असते.

या तारखा दरसाल हलतात. २०२३ साली अधिक श्रावण आल्याने दसरा २४ ऑक्टोबरला पडला, तर २०२५ साली तो २ ऑक्टोबरलाच आला. दसरा उशिरा असेल तर हलके धान बाजारात आलेले असते आणि गिऱ्हाईकाचा हात मोकळा असतो. दसरा लवकर असेल तर उत्साह असतो, पैसा नसतो. अशा साली दसऱ्याला इसार आणि दिवाळीनंतर रजिस्ट्री, असे दोन टप्पे धरावेत.

आपले हिजरी साल तर दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते. २००६ साली दिवाळी २१ ऑक्टोबरला आणि रमजान ईद २५ ऑक्टोबरला होती. कापडवाल्यांना दोन्ही गिऱ्हाईके एकाच आठवड्यात मिळाली. तो योग आता पुष्कळ वर्षे येणार नाही. घराच्या बाजाराने धानाचा हंगाम सोडलेला नाही. म्हणून घरासाठी कॅलेंडर पाहायचे ते धानाचे.

२०२० सालचा धडा

करोनाच्या काळात बाजार उठवण्यासाठी राज्य सरकारने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुद्रांक शुल्कात ३ टक्के कपात केली आणि पुढे ३१ मार्च २०२१ पर्यंत २ टक्के. वीस लाखांच्या घरावर ३ टक्के म्हणजे ६०,००० रुपये. पण त्या साली २ सप्टेंबरपासून पितृपक्ष लागला आणि तो संपताच १८ सप्टेंबरपासून अधिक आश्विन महिना. दसरा २५ ऑक्टोबरला आला. म्हणजे सवलतीच्या चार महिन्यांपैकी जवळजवळ दोन महिने मुहूर्त पाहणारे गिऱ्हाईक घरातच बसले. उरलेल्या दोन महिन्यांत ज्याचे कागद तयार होते त्याचा सौदा झाला, आणि ज्याचे तयार नव्हते तो सवलतीचा उपयोग करून देऊ शकला नाही. शुल्क खरेदीदार भरतो हे खरे, पण त्याचे वाचलेले पैसे सौद्याच्या वेळी विकणाऱ्याच्याही उपयोगी पडतात.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विक्रीपत्रावर सह्या झाल्यानंतर नोंदणीसाठी कायद्याने चार महिन्यांची मुदत आहे.

ओल लपवू नये

भाद्रपद-आश्विनात घर दाखवायचे म्हणजे पावसाने झोडपलेले घर दाखवायचे. कवेलू सरकलेले, भिंतीला ओल, अंगणात शेवाळ. पुष्कळजण घाईने रंग मारतात. ओल्या भिंतीवरचा रंग महिन्याभरात फुगतो आणि रजिस्ट्रीच्या आधीच गिऱ्हाईक भांडायला उभे राहते. त्यापेक्षा गळती काढावी, पाण्याची वाट नीट करावी, भिंत सुकू द्यावी आणि मगच हात फिरवावा. राहिलेला दोष तोंडाने सांगावा. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे सहज न दिसणारा मोठा दोष सांगणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओला माल वर ठेवायला सांगणाऱ्या प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण तर आपणा सर्वांना ठाऊक आहे. पावसानंतर पाहून पसंत केलेल्या घराबद्दल पुढे तक्रार राहत नाही, हा या हंगामाचा फायदाच समजावा.

सर्वांत मोठा अडथळा : वारसांच्या सह्या

आमच्या पाहण्यात सौदे मोडतात ते भावावरून कमी आणि सह्यांवरून जास्त. वडील वारले, घर त्यांच्याच नावावर राहिले, थोरला भाऊ कर भरत राहिला आणि स्वतःला मालक समजू लागला. पण मुस्लिम कायद्यात मृत्यूबरोबरच प्रत्येक वारसाचा हिस्सा ठरतो. एका भावाने एकट्याने विक्रीपत्र करून दिले तर फक्त त्याचाच हिस्सा जातो.

समजा वडिलांच्या मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी आहे. कर्ज, मेहर वगैरे फेडून घराचे २४ लाख उरले. आईचा आठवा हिस्सा ३ लाख. उरलेल्या २१ लाखांत प्रत्येक मुलाचे ८ लाख ४० हजार आणि मुलीचे ४ लाख २० हजार. बहिणीचे हे पैसे तिचा हक आहेत, भावाची मेहरबानी नव्हे. ऐनवेळी तिला सहीला बोलावून हातावर थोडी रक्कम ठेवणे हे अन्यायाचे तर आहेच, शिवाय सौद्यालाही धोक्याचे आहे. हिस्सा आधी ठरवून रक्कम थेट तिच्या खात्यात जाईल असे इसारपत्रातच लिहावे. मग सही अडत नाही.

वारसांच्या फेरफाराची नोटीस निघाली की हरकतीसाठी १५ दिवस द्यावे लागतात, त्याआधी अर्ज आणि नंतर मंजुरी. एखादा भाऊ आखाती देशात असेल तर त्याचे मुखत्यारपत्र तेथील भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यावे आणि भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा. हे सर्व दसऱ्याच्या आठवड्यात होत नाही. जागा नझूलची असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात पट्ट्याची मुदत, थकबाकी आणि चालू सवलत योजना आधी विचारून घ्यावी.

रोख आणि कर

स्थावराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेण्यास १ जून २०१५ पासून मनाई आहे. घेतली तर तेवढाच दंड. यात इसारही आला. धानाचा पैसा आता बँकेतूनच येत असल्याने चेक मागायला संकोच नको. सरकारी दरापेक्षा फार कमी किंमत दाखवण्याचाही लाभ नाही. फरक दहा टक्क्यांपेक्षा जास्त असला तर कर सरकारी दराने मोजला जातो.

दोन वर्षांहून अधिक काळ असलेल्या घराच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के कर आहे. त्या तारखेपूर्वीच्या घरासाठी, भारतात राहणाऱ्या व्यक्तीला, निर्देशांक धरून २० टक्क्यांचा हिशेबही करता येतो. जो कमी तो भरावा. वरचेच घर २००१ साली ३ लाखांचे धरू. सरळ हिशेबाने २१ लाख नफ्यावर कर २,६२,५००. २०२५-२६ चा निर्देशांक ३७६ धरला तर ३ लाखांचे ११,२८,००० होतात, नफा १२,७२,००० आणि कर २,५४,४००. हा आकडा चौघांचा मिळून आहे, उपकर वेगळा. प्रत्येकाने आपल्या हिश्श्यापुरता हिशेब करायचा. परदेशात राहणाऱ्या वारसाच्या रकमेतून खरेदीदाराला कर कापून भरावा लागतो, हे त्याला आधीच सांगावे.

नफा दोन वर्षांत दुसऱ्या घरात गुंतवला तर सवलत मिळते. पण विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत न गुंतवलेली रक्कम बँकेच्या खास खात्यात ठेवावी लागते. मार्चमध्ये विकणाऱ्याला त्यासाठी जेमतेम चार महिने मिळतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये विकणाऱ्याला आठ-नऊ. शरदात विकण्याचा हा फायदा फारसा कोणी मोजत नाही.

थोडक्यात वेळापत्रक

आषाढ : सर्व वारसांना एकत्र बसवून विकायचे की नाही आणि कमीत कमी किती भावाला, हे लिहून घ्यावे.

श्रावण : आखीव पत्रिका, वारस नोंद, नगरपरिषदेचा किंवा ग्रामपंचायतीचा कर, गरज असल्यास मोजणी.

भाद्रपद : गळती आणि डागडुजी. पितृपक्षापूर्वी दलालाला आणि बाजारात सांगून ठेवावे. पितृपक्षात भाव उतरवू नये.

आश्विन : घर दाखवावे, दसऱ्याच्या सुमारास चेकने इसार घ्यावा.

कार्तिक-मार्गशीर्ष : धानाचा पैसा आला की पूर्ण रक्कम आणि रजिस्ट्री एकाच दिवशी.

ज्याला पैशाची निकड आहे त्याने दसऱ्याची वाट पाहत व्याज भरत बसू नये. महिन्याचे व्याज आणि मिळू शकणारा जास्तीचा भाव यांची तुलना करून निर्णय घ्यावा. ज्याला थांबता येते त्याने मात्र हंगाम साधावा. हंगाम गिऱ्हाईक आणून देतो, पण भाव मिळतो तो स्वच्छ कागदाला आणि एकमताच्या घराला. ज्या घरात बहिणीचा हिस्सा आधी मोजला जातो, त्या घराचा सौदा सहसा अडत नाही.