विश्लेषण : कडे सर करणाऱ्यांचे डोके पहाडात का ठणकते?

सह्याद्रीतले कडे सराईतपणे चढणारे अनेक गट पावसाळ्याच्या आगेमागे हिमाचलची वाट धरतात. लाहौलमधल्या छत्रूला चंद्रा नदीच्या काठाने ग्रॅनाइटचे प्रचंड धोंडे विखुरलेले आहेत. दिवसा त्यांच्यावर चढाई, रात्री तंबूत मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी गाडीने चंद्रताल, असा बेत ठरतो. पहिल्याच रात्री कोणाचे तरी डोके ठणकू लागते. ‘प्रवासाचा शीण असेल’ म्हणत तो गोळी घेऊन झोपतो. घोळ तिथेच सुरू होतो.

हवेत ऑक्सिजन कमी असतो का?

प्रमाण तेच, सुमारे २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. छत्रूची उंची सुमारे ३,३०० मीटर. तिथे दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश भरतो. म्हणजे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजनही तेवढाच. शरीर श्वास वाढवून ही तूट भरून काढते, पण त्याला दिवस लागतात. कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. त्यामुळे महाराष्ट्रात कितीही भटकले तरी या विरळ हवेचा सराव होत नाही. व्यायामाने कमावलेले शरीरही इथे कवच ठरत नाही. उलट तगडी माणसे पहिल्याच दिवशी जास्त दमतात आणि त्रास लपवतात.

मग अलीकडे धोका वाढला का?

रस्ता सोपा झाला, हे त्यामागचे एक कारण मानावे लागेल. ऑक्टोबर २०२०मध्ये ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला आणि रोहतांगचा घाट टळला. लाहौलच्या लोकांसाठी हे वरदानच, हिवाळ्यात त्यांचा जगाशी संपर्क तुटत असे. पर्यटक मात्र सुमारे २,००० मीटरवरच्या मनालीत सकाळचा चहा घेऊन दुपारी छत्रूला पोहोचतो. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असा वैद्यकीय संकेत आहे. छत्रूहून चंद्रताल गाठताना एकाच दिवसात नऊशेहून अधिक मीटर चढले जातात. चार दिवसांच्या सुट्टीत हे गणित बसत नाही. अशा वेळी चंद्रताल सोडून द्यावा. छत्रूचे धोंडे चार दिवसांना पुरून उरतात.

साधा त्रास आणि धोक्याची खूण कशी ओळखायची?

डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही सुरुवात. ती असेपर्यंत आणखी वर जायचे नाही. बसल्या जागी धाप लागली, सतत खोकला येऊ लागला, तर फुप्फुसात पाणी साचत असल्याची शंका घ्यावी. बोलणे असंबद्ध झाले किंवा टाचेला पंजा लावत सरळ रेषेत चालता येईना, तर मेंदूला सूज येत असू शकते. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये. ऑक्सिजन असेल तर तो लावावा आणि ताबडतोब खाली उतरावे. ॲसिटाझोलामाइड ही गोळी निघण्याआधी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी; सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर विशेष जपावे.

खाली उतरायचे म्हणजे गाडी हवी. तंबूपाशी सोडून गाडी परत पाठवणे, ही पैसे वाचवण्याची सर्वात महाग रीत. छत्रू ते बातल रस्ता खडबडीत आहे, मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही आणि दुपारनंतर बर्फ वितळून वाटेतले नाले फुगतात.

तंबू कुठे लावावा?

नदीच्या सपाट वाळूवर नको, याच वाढत्या पाण्यामुळे. कड्याच्या पायथ्याशीही नको. रात्री गोठलेल्या भेगा उन्हाने सैल होतात आणि दगड सुटतात. थंडी वाजते म्हणून तंबूत स्टोव्ह पेटवणे जीवघेणे ठरते, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पाणी इथे ९० अंशांच्या आतच उकळते, म्हणून डाळ शिजवायला कुकर न्यावाच.

चंद्रताल तर २००५पासून रामसर यादीतील पाणथळ जागा आहे. तलावाच्या काठी तंबू लावायला मनाई असून मुक्कामाची जागा काही किलोमीटर अलीकडे आहे. तिथून तलावापर्यंतचा चढ छोटाच, पण डोके दुखत असलेल्याने तंबूतच थांबावे. त्याला एकटे मात्र ठेवू नये.