कामातील मोकळीक आणि कामातील नासधूस

बंगळूरच्या जुन्या पेठेत, म्हणजे केंपेगौडाने १५३७ साली वसविलेल्या गावाच्या गाभ्यात, चिकपेट नावाचा रस्ता आहे. मराठी माणसाला हा भाग अगदीच परका नाही. १६३८ नंतर शहाजीराजांचे वास्तव्य बंगळुरी होते, आणि शिंपी व भावसार कुटुंबांतून येथे आजही मराठी कानी पडते. या रस्त्यावर रेशमी लुगड्यांच्या दुकानांची दाटी आहे. अशा दुकानातील दोन विक्रेते आपण डोळ्यांपुढे आणू. एकाला ठराविक मर्यादेत भाव उतरविण्याची मुभा आहे. दुसऱ्याला दर वेळी मालकाच्या तोंडाकडे पाहावे लागते.

या दुसऱ्याने मनात आणले तर तो मालकाचे किती नुकसान करू शकेल? चोरी करण्याचे कारणच नाही. हव्या त्या रंगाचे लुगडे फळीवर असताना ‘संपले’ म्हणावे, घडी कशीतरी घालून जरीचा काठ चुरगळू द्यावा, गिऱ्हाइकाला तिष्ठत ठेवावे. यातले काहीच वहीत चढत नाही. आम्हां कचेरीतल्या लोकांना याचा एक सोवळा प्रकारही ठाऊक आहे. ज्या कारकुनाला काहीच ठरवू दिले जात नाही, त्याच्या हाती नियम तेवढा उरतो. तो नियमावर बोट ठेवून प्रत्येक कागद वर पाठवितो, आणि बघता बघता सारे खाते अडून बसते. ठपका ठेवावा तरी कशाचा?

यावर सामान्यतः सुचणारा उपाय म्हणजे देखरेख वाढविणे. परंतु कापडाच्याच धंद्यातला एक अनुभव निराळे सांगतो. १९५३ साली अहमदाबादच्या कॅलिको गिरण्यांपैकी ज्युबिली गिरणीत ए. के. राइस या इंग्रज अभ्यासकाने विणकामाचा एक विभाग पाहिला. स्वयंचलित माग २२४, माणसे २९, आणि त्यांच्यात कामाचे तुकडे १२. कोणी फक्त तुटलेला धागा जोडी, कोणी फक्त कांड्या भरी. अमुक माग आमचे, असे म्हणणारा गट कोणताच नव्हता. राइसने सुचविले की मागांचा एकेक समूह एकेका टोळीकडे सोपवावा आणि कामाची वाटणी टोळीने आपसांत करावी. कामगारांनी ही कल्पना उत्साहाने उचलली. पुढे मागांची कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांपर्यंत चढली आणि खराब निघणारे कापड सुमारे ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले. हे कापड कोणी मुद्दाम नासवीत होते असे नव्हे. ज्याची कोणालाच आपली म्हणून काळजी नव्हती, ते नासत होते इतकेच.

म्हणून मोकळीक दिली की सारे सुरळीत होते, असे मात्र समजू नये. अमेरिकेत सूझी फॉक्स, पॉल स्पेक्टर आणि त्यांचे सहकारी यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अपकारक वर्तनाचा संबंध कामातील अडथळे, कलह आणि अन्यायाची भावना यांच्याशी आढळला. त्या रागावर मोकळीक ढालीसारखी उपयोगी पडेल, ही अपेक्षा मात्र फारशी खरी ठरली नाही. यात नवल वाटण्याचे कारण नाही. ज्याच्या मनात सल आहे त्याच्या हाती कपाटाची किल्ली दिली, तर सल तसाच राहतो आणि संधी तेवढी वाढते. माझ्या मते टोळीची मोकळीक आणि एकट्याची मोकळीक यांत येथेच फरक पडतो. टोळीत आपल्या चुकीचा भार शेजारच्या माणसावर पडतो, आणि तो लगेच बोलतो.

आपल्या पहिल्या विक्रेत्याच्या मुभेलाही दोन टोके हवीत. भाव कोठपर्यंत उतरवायचा, हे मालकाने सकाळीच सांगावे. आणि त्या मर्यादेत त्याने सौदा केला, तर संध्याकाळच्या हिशेबाला ‘आणखी दहा रुपये का ओढले नाहीस?’ असे विचारू नये. असे दोनदा विचारले, की तिसऱ्या दिवशी त्याच्या फळीवरचा हिरवा रंग संपलेला असतो.