गोळी जाते कुठे? थेट पेशीच्या केंद्रकात

टेंभी नाक्यावरच्या मेडिकलमध्ये रोज मागितल्या जाणाऱ्या थायरॉइडच्या आणि मधुमेहाच्या काही गोळ्या शेवटी पेशीच्या केंद्रकात काम करतात. तिथे ‘न्यूक्लिअर रिसेप्टर’ ही प्रथिनं असतात. माणसात 48 प्रकारची.

मधुमेहाची पायोग्लिटाझोन घ्या. ती पीपीएआर-गॅमा या रिसेप्टरला चिकटते. हा रिसेप्टर आरएक्सआर या जोडीदारासह डीएनएच्या ठराविक जागी बसतो. गोळी चिकटली की त्याचा आकार किंचित बदलतो. जनुकं दाबून धरणारी प्रथिनं सुटतात, ती चालू करणारी येऊन बसतात. मग चरबीच्या पेशी रक्तातली मेदाम्लं साठवू लागतात आणि यकृत, स्नायू इन्सुलिनला नीट दाद देतात. हे सगळं नवी प्रथिनं तयार होण्यावर अवलंबून, म्हणून पूर्ण परिणामाला आठवडे लागतात. आठ दिवसांत साखर उतरली नाही म्हणून गोळी परस्पर सोडू नका, हे पेशंटला सांगायलाच हवं.

याच रिसेप्टरमुळे शरीरात मीठ-पाणी साठतं, पाय सुजतात; हार्ट फेल्युअर असलेल्यांना ती देत नाहीत. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेने 2013 मध्ये भारतात तिची विक्री थांबवली गेली; काही आठवड्यांतच, पाकिटावर इशारा छापण्याच्या अटीवर, ती पुन्हा सुरू झाली.