अंतर आणि प्रवासकाल : येडशी ते सॅन फ्रान्सिस्को

प्रस्तावना : दोन शहरांमधील अंतर कळले की प्रवासास लागणारा वेळही कळला, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. अंतराला वेगाने भागण्याचे शालेय गणित या समजुतीच्या मुळाशी आहे. प्रत्यक्षात सरळ अंतर, आक्रमिलेला मार्ग आणि एकूण प्रवासकाल या तीन भिन्न राशी आहेत.

सरळ अंतर : पृथ्वी गोलाकार असल्याने भूपृष्ठावरील दोन बिंदूंमधील लघुतम मार्ग बृहद्‌वृत्ताचा कंस असतो. दोन्ही स्थळांच्या अक्षांश-रेखांशांवरून तो काढता येतो. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर भरते. सपाट नकाशावर हा प्रवास पूर्व-पश्चिम वाटतो. परंतु बृहद्‌वृत्त ७५ अंश उत्तर अक्षांशाच्याही पलीकडे जाते.

मार्ग आणि वारा : ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने या उड्डाणासाठी अटलांटिकऐवजी पॅसिफिक महासागरावरील मार्ग स्वीकारला. हा मार्ग सुमारे १,४०० किलोमीटरने लांब होता. तरीही १५,३०० किलोमीटरचे अंतर सुमारे साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा कमी वेळात कापले गेले. सरासरी वेग ताशी १,०५० किलोमीटरहून अधिक पडतो. प्रवासी विमानाचा हवेतील वेग ताशी सुमारे ९०० किलोमीटर असतो. उरलेला वेग पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या उच्चस्तरीय जेट वाऱ्यांनी दिला. अटलांटिकमार्गे पश्चिमेकडे जाताना हेच वारे समोरून येत.

येडशीचे उदाहरण : हेच तत्त्व जमिनीवरही आढळते. बार्शी लाइट रेल्वेचा कुर्डुवाडी-बार्शी टप्पा १८९७ मध्ये सुरू झाला. पुढे येडशीवरून १९११ मध्ये गाडी लातूरला पोहोचली. उस्मानाबाद (आजचे धाराशिव) शहर या मार्गाबाहेर राहिले. मार्ग अडीच फुटी नॅरोगेज असल्याने मुंबईच्या प्रवाशास कुर्डुवाडीस उतरून गाडी बदलावी लागे. २००७-०८ मध्ये ब्रॉडगेज मार्ग वळण घेऊन धाराशिव शहरातून नेण्यात आला. मार्गात वळण आले. पण गाडीबदल टळला आणि मुंबईशी थेट गाडीने जाणे शक्य झाले.

एकूण प्रवासकाल : म्हणून प्रवासकालात वाहनाच्या वेगाइतकाच वाहनबदलाचा व प्रतीक्षेचा वाटा असतो. येडशीहून परदेशी निघणाऱ्यास पुण्या-मुंबईपर्यंतचा रस्ता, उड्डाणापूर्वीचे सुमारे तीन तास आणि मधल्या शहरातील विमानबदल हे सारे उड्डाणाच्या वेळेत मिळवावे लागते. आजारी आईवडिलांकडे परदेशातून धावत येणाऱ्या मुलास हे तास सर्वाधिक जाणवतात. हे तास विमानाचा वेग वाढवून कमी होत नाहीत.

निष्कर्ष : अंतर ही भूगोलाची देणगी आहे, प्रवासकाल मात्र वारा, मार्ग आणि जोडणी यांवर ठरतो. यांपैकी मार्ग आणि जोडणी मानवी नियोजनाच्या कक्षेत येतात. विद्यार्थ्यांना अंतराचे गणित शिकविताना हा भेद स्पष्ट केल्यास भूगोल, गणित आणि प्रादेशिक नियोजन यांचा परस्परसंबंध त्यांच्या ध्यानी येईल. एखादा प्रदेश दूर असणे आणि दूर राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही त्यांना उमजेल.