औषधशास्त्राची पदवी आणि परदेश

परदेशी जाणारा डॉक्टर किंवा इंजिनीयर यांच्याविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. फार्मासिस्टविषयी मात्र कुणी बोलत नाही. 'मेडिकल'मध्ये काउंटरमागे उभा असेल तो औषधे देतो, एवढीच आपली समजूत. वास्तविक १९४८ च्या फार्मसी कायद्यान्वये डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध देण्याचे काम नोंदणीकृत फार्मासिस्टचे आहे. त्याचे प्रमाणपत्र दुकानाच्या भिंतीवर टांगलेले असते, आणि गिऱ्हाइकाचे लक्ष तेवढे सोडून सगळीकडे असते.

माझ्या मावसभावाने चार वर्षांची बी. फार्म. पदवी घेऊन गोंदियातच नोकरी धरली. पुढे परदेशाचा विचार त्याच्या मनात आला, तेव्हा नियमांची पत्रके वाचण्याचे काम माझ्याकडे आले. मी कला शाखेचा, इंग्रजी घेतलेला, एवढीच माझी पात्रता. त्या वाचनात जे हाती लागले ते येथे सांगतो.

अमेरिकेचे दार आरंभीच बंद झाले. १ जानेवारी २००३ पासून पुढे पदवी घेतलेल्या परदेशी फार्मासिस्टचा अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा असावा, असा तेथील नियम आहे. आपली बी. फार्म. चार वर्षांची. एका वर्षाची ही तूट हुशारीने भरून निघत नाही! आपल्याकडे २००८ साली सहा वर्षांचा फार्म. डी. अभ्यासक्रम आला, तो केलेल्यांना ही अडचण येत नाही.

ब्रिटनमध्ये वर्षभराचा 'ओस्पॅप' नावाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, त्यानंतर ५२ आठवड्यांचे प्रशिक्षण आणि शेवटी नोंदणीची परीक्षा, असा रुळलेला मार्ग. खर्चाच्या दृष्टीने तो आमच्या घराला झेपणारा नव्हता.

राहिला कॅनडा. तेथे चार वर्षांची पदवी चालते. पण प्रथम कागदपत्रांची छाननी, मग आपले शिक्षण तेथल्या शिक्षणाच्या तोडीचे आहे की नाही हे पाहणारी मूल्यमापन परीक्षा, आणि त्यानंतर दोन भागांची पात्रता परीक्षा. ही पात्रता परीक्षा तेथल्या विद्यापीठांतून शिकलेल्यांनाही द्यावी लागते, हे मला न्याय्य वाटले.

तिचा पहिला भाग पर्यायी उत्तरांचा. दुसरा भाग मात्र नाटकासारखा आहे. उमेदवारापुढे रुग्णाची भूमिका करणारा माणूस येतो आणि परीक्षक बाजूला बसून पाहतो. समजा, रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणारा मनुष्य अंगदुखीवर ॲस्पिरिन मागतो. दोन्ही मिळून रक्तस्रावाचा धोका वाढतो, हे भावाला झोपेतही सांगता येईल. परंतु आधी चार प्रश्न विचारून ती माहिती काढून घेणे, माणसाला न घाबरविता नकार देणे, आणि आता डॉक्टरांना केव्हा भेटायचे हे सांगणे, हे सारे ठरलेल्या मिनिटांत इंग्रजीतून करायचे! आपल्याकडे गिऱ्हाईक "दोन गोळ्या द्या" म्हणते आणि निघून जाते. बोलण्याची सवय लागणार कुठून? म्हणून रोज संध्याकाळी मी रुग्ण होतो आणि तो फार्मासिस्ट. मावशी म्हणते, "अरे, खरंच आजारी पडशील!"

नावांचा घोळ निराळाच. आपले पॅरासिटामॉल तेथे ॲसिटामिनोफेन, ॲड्रिनॅलिन म्हणजे एपिनेफ्रिन, आणि मधुमेहाचे ग्लिबेनक्लामाइड तेथे ग्लायब्युराइड होते. गोळी तीच, पण नाव न ओळखल्यामुळे तेच औषध रुग्णाला दोनदा दिले गेले तर? परीक्षा एवढी कडक का, हे मला येथे पटले.

पात्रता परीक्षेनेही काम संपत नाही. परवाना देशाचा नसून प्रांताचा असतो. प्रांताप्रमाणे प्रत्यक्ष काम आणि तेथील कायद्याची परीक्षा, हे पुढे आहेच. क्वेबेकची तर व्यवस्थाच वेगळी, आणि भाषा फ्रेंच.

ही अडवणूक एकतर्फी आहे असे मात्र नाही. परदेशी पदवीला मान्यता द्यायची की नाही, हे आपल्याही कायद्याच्या १४ व्या कलमानुसार भारतीय फार्मसी परिषद ठरवते. शिवाय ती पदवी घेतलेला मनुष्य भारताचा नागरिक नसेल, तर त्या देशात भारतीयांना हा व्यवसाय करू देतात काय, हेही तेथे पाहिले जाते.