चाकांवरच्या खेळातून इंग्रजीचे धडे

पहिलीपासून इंग्रजी शिकूनही चार वाक्ये बोलता येत नाहीत, ही ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांची जुनी व्यथा आहे. दिव्यांग विद्यार्थ्याच्या वाट्याला त्यासोबत मैदानापासूनचा दुरावाही येतो. व्हीलचेअर बास्केटबॉल हा खेळ या दोन्ही अडचणींवर एकाच वेळी मार्ग काढू शकतो. तो कसा, याचा हा वेध.

भिगवण : हिवाळ्यात उजनी जलाशयाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरले, की पुण्या-मुंबईचे पक्षिप्रेमी पहाटेच कुंभारगाव, डिकसळच्या काठावर दाखल होतात. त्यांना होडीतून नेणारे नावाडी मूळचे मासेमारी करणाऱ्या कुटुंबांतील. पाण्यावर घिरट्या घालणाऱ्या पक्ष्याकडे बोट दाखवून ते सहज ‘ऑस्प्रे’ म्हणतात. चित्रबलाकाचा उल्लेख ‘पेंटेड स्टॉर्क’ असा करतात. ही नावे पाठ्यपुस्तकातून आलेली नाहीत. समोर पक्षी होता, शेजारी विचारणारा माणूस होता आणि नाव सांगता येण्यावर दिवसाची कमाई अवलंबून होती. डोळ्यांसमोरची वस्तू, ऐकणारा माणूस आणि बोलण्याची निकड या तीन गोष्टी एकत्र आल्या, की भाषा जिभेवर बसते.

शाळेच्या वर्गात नेमक्या याच तीन गोष्टींची वानवा असते. महाराष्ट्रात सन २०००-०१ पासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. परंतु फळ्यावरचे वाक्य वहीत उतरते आणि वहीतून उत्तरपत्रिकेत जाते. ते कुणाला उद्देशून बोलण्याची वेळच येत नाही. दिव्यांग विद्यार्थ्याची स्थिती आणखी बिकट. खेळाच्या तासाला ‘तू बस वर्गातच’ असे त्याला मायेने सांगितले जाते. या मायेत त्याचे दुहेरी नुकसान होते. ज्या तासाला मुले ओरडतात, हुज्जत घालतात, बाजू मांडतात, तोच तास त्याच्या हातून जातो. व्हीलचेअर बास्केटबॉलकडे पाहायचे ते या पार्श्वभूमीवर.

खेळ नेमका कसा?

दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांनी १९४६ च्या सुमारास अमेरिकेतील रुग्णालयांत हा खेळ सुरू केला. १९६० मध्ये रोम येथे झालेल्या पहिल्या पॅरालिंपिक स्पर्धेत त्याचा समावेश होता आणि १९६८ च्या तेल अवीव स्पर्धेत महिलांचे संघही उतरले. मैदान नेहमीच्याच बास्केटबॉलचे, म्हणजे २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद. कडेही तितक्याच, ३.०५ मीटर उंचीवर. खुर्चीत बसलेल्या खेळाडूसाठी ते एका इंचानेही खाली आणलेले नाही.

बदल आहेत ते मोजके. खुर्ची हा खेळाडूच्या शरीराचाच भाग मानला जातो. प्रतिस्पर्ध्याच्या खुर्चीला नियमबाह्य धडक दिली तर ती अंगाला दिलेली धडक ठरते. चेंडू मांडीवर ठेवून चाकाला दोनदाच रेटा देता येतो. त्यानंतर चेंडू जमिनीवर आपटावा, सहकाऱ्याकडे टाकावा किंवा कड्याकडे फेकावा लागतो. तिसरा रेटा दिला तर नियमभंग. एकदा थांबवलेला ‘ड्रिबल’ पुन्हा सुरू करण्याची मुभा मात्र येथे आहे, जी उभ्याने खेळल्या जाणाऱ्या खेळात नसते.

खेळासाठीच्या खुर्चीची चाके वरच्या बाजूला आत झुकलेली असतात. त्यामुळे ती चटकन वळते आणि सहसा कलंडत नाही. मागे उलटू नये म्हणून पाठीमागे एक लहान चाक असते आणि खेळाडू पट्ट्यांनी खुर्चीशी बांधलेला असतो. निष्णात खेळाडू एक चाक उचलून खुर्ची तिरपी करतात आणि तेवढीच जादा उंची मिळवितात. याला ‘टिल्टिंग’ म्हणतात.

शब्द आधी हाताला कळतो

जेम्स अॅशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात परकी भाषा शिकविण्याची एक पद्धत मांडली. शिक्षकाने आज्ञा द्यायची आणि विद्यार्थ्याने ती बोलून नव्हे, तर हालचालीने पाळायची. मूल मातृभाषा अशीच शिकते. ‘ये’, ‘बस’, ‘दे’ हे शब्द ते उच्चारण्याच्या आधी कृतीतून ओळखते, असा त्यांचा युक्तिवाद होता.

व्हीलचेअर बास्केटबॉलच्या मैदानावर ही पद्धत आपोआप अमलात येते. ‘लेफ्ट’ ऐकून खुर्ची डावीकडे वळली नाही, तर प्रतिस्पर्धी तेथून निसटतो. ‘स्विच’ म्हणताच दोघांनी आपापला प्रतिस्पर्धी बदलायचा असतो. एकालाच ते कळले, तर दुसऱ्याच्या बाजूचा खेळाडू मोकळा सुटतो. चुकीचा अर्थ लावण्याची किंमत लाल शाईने नव्हे, तर दोन गुणांनी मोजावी लागते आणि ती त्याच क्षणी कळते. तशी चूक सहसा दुसऱ्यांदा होत नाही.

एकाच शब्दाचे अनेक अर्थही येथे उलगडतात. ‘ट्रॅव्हलिंग’ म्हणजे प्रवास, हे पुस्तकातले. मैदानावर तो चाकाला तिसरा रेटा दिल्याचा नियमभंग आहे. ‘चार्जिंग’ हा शब्द भ्रमणध्वनीमुळे घराघरात पोहोचला. येथे तो वाट अडवून थांबलेल्या प्रतिस्पर्ध्यावर आदळण्याचा दोष आहे. ‘पिक’ म्हणजे निवडणे, पण येथे सहकाऱ्याला वाट मिळावी म्हणून प्रतिस्पर्ध्याच्या मार्गात खुर्ची उभी करणे. सर्वांत बोलका शब्द ‘पुश’. नेहमीच्या बास्केटबॉलमध्ये ढकलणे हा केवळ गुन्हा. व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये स्वतःच्या चाकाला दिलेला ‘पुश’ हेच चालणे आणि धावणे. शब्दाचा अर्थ कोशात नव्हे, तर प्रसंगात असतो, हा भाषाशिक्षणातील अवघड धडा येथे अर्ध्या तासात पटतो.

एका सामन्यात तीन काळ

एवढ्यावर थांबले तर पदरात पडतात ते सुटे शब्द. वाक्ये यायची असतील, तर सामन्याच्या आधीचा आणि नंतरचा वेळ वापरावा लागतो.

सामन्यापूर्वी डावपेच ठरतात, तेव्हा भविष्यकाळ येतो : ‘आय विल गार्ड नंबर सेव्हन.’ त्यालाच जोडून अटीचे वाक्य येते : ‘इफ शी गोज लेफ्ट, यू स्टॉप हर.’ खेळ सुरू असताना वर्तमानकाळ : ‘शी इज ओपन’, ‘आय अॅम बिहाइंड यू.’ ‘बिहाइंड’, ‘बिटविन’, ‘इन फ्रंट ऑफ’ ही वर्गात छळणारी शब्दयोगी अव्यये येथे खुर्च्यांच्या जागांनी दिसतात. सामना संपल्यावर भूतकाळ : ‘आय पास्ड टू लेट’, ‘वी लॉस्ट द बॉल.’ हरलेल्या खेळाडूला आपण का हरलो हे सांगायचेच असते. ती उत्कटता निबंधाच्या तासाला उसनी आणता येत नाही.

गुणपत्रक लिहिणे हाही एक स्वाध्यायच. खेळाडूचे नाव, क्रमांक, गुण आणि वैयक्तिक दोष वेळच्या वेळी इंग्रजीत नोंदवावे लागतात. त्या दिवशी न खेळणाऱ्या मुलाला हे काम दिले, तर तोही भाषेबाहेर राहत नाही.

चौदा गुणांचे गणित

या खेळात खेळाडूंचे वर्गीकरण शारीरिक क्षमतेनुसार होते. ज्याला कमरेवरचा भाग सावरता येत नाही त्याला एक गुण, तर ज्याच्यावर अपंगत्वाचा परिणाम सर्वांत कमी त्याला साडेचार गुण. मधले टप्पे अर्ध्या-अर्ध्या गुणाचे. मैदानावरील पाच जणांची बेरीज चौदाच्या वर जाता कामा नये. त्यामुळे सर्वाधिक अपंगत्व असलेला खेळाडू संघावर ओझे ठरत नाही. त्याच्या एका गुणामुळेच साडेचार गुणांच्या सहकाऱ्याला जागा मिळते.

भाषेचा प्रश्न येथे केवळ परीक्षेपुरता उरत नाही. नियमपुस्तक मूळ इंग्रजीत आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पंच आणि वर्गीकरण करणारे तज्ज्ञ यांच्याशी संवादही प्रामुख्याने त्याच भाषेत होतो. आपल्या शरीराला काय जमते आणि काय नाही, हे स्वतःच्या तोंडाने सांगता येणे ही खेळाडूची गरज आहे. ज्याच्या वतीने आजवर आई-वडील, डॉक्टर किंवा शिक्षक बोलत आले, त्याच्यासाठी तर हे मोठेच पाऊल होय.

भारतात या खेळाला संघटित रूप आले ते २०१४ मध्ये. स्वतः पोलिओग्रस्त असलेल्या जलतरणपटू माधवी लता यांच्या पुढाकाराने चेन्नईत व्हीलचेअर बास्केटबॉल फेडरेशन ऑफ इंडियाची स्थापना झाली. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीचे साह्य लाभले आणि जेस मार्क्ट यांच्यासारख्या अमेरिकी प्रशिक्षकाची शिबिरेही झाली. काश्मिरी, तमिळ, मराठी अशा अनेक मातृभाषांचे खेळाडू एका शिबिरात येतात, तेव्हा मैदानावरची इंग्रजी ही त्यांच्यातील समान दुवा ठरते.

पुणे जिल्ह्याला या परंपरेचे वावडे नाही. जखमी जवानांसाठी खडकी येथे १९७४ पासून कार्यरत असलेल्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रात खुर्चीवरील खेळ हा पुनर्वसनाचाच भाग मानला जातो. १९६५ च्या युद्धात जखमी झालेले सांगली जिल्ह्याचे सुपुत्र मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये पोहण्याच्या ५० मीटर शर्यतीत सुवर्णपदक पटकावले. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. पदक आणि सन्मान यांत ४६ वर्षे गेली, ही बाबही विसरण्याजोगी नाही.

मर्यादाही ध्यानात घ्याव्यात

खेळ म्हणजे जादूची कांडी नव्हे. मैदानावरची इंग्रजी तोकडी, आज्ञार्थी आणि घाईची असते. तेवढ्यावर अर्ज लिहिता येत नाही की मुलाखत देता येत नाही. त्यासाठी वाचन-लेखनाची जोड हवीच. नियम आणि सुरक्षिततेच्या सूचना आधी मराठीतच समजावून द्याव्यात, कारण न कळलेल्या सूचनेतून इजा होऊ शकते. मज्जारज्जूला दुखापत झालेल्यांना बसून बसून होणाऱ्या जखमांची जाणीव होत नाही. तेथे वैद्यकीय सल्ल्याला पर्याय नाही. घरातली नेहमीची खुर्ची सामन्यासाठी वापरणे धोक्याचे, आणि परदेशी बनावटीच्या क्रीडाखुर्च्यांची किंमत लाखांच्या घरात जाते.

गावपातळीवर काय करता येईल?

एका गावात खुर्चीवर खेळणारी दहा मुले मिळणे कठीण. त्यावरही तोड आहे. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत तीन-तीन खेळाडूंचा, अर्ध्या मैदानावरचा व्हीलचेअर बास्केटबॉल प्रथमच खेळला गेला. म्हणजे एका कड्यावर आणि सहा खुर्च्यांवर सामना होऊ शकतो. ब्रिटन आणि कॅनडातील देशांतर्गत स्पर्धांत तर अपंगत्व नसलेले खेळाडूही खुर्चीत बसून खेळतात. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील शाळांनी मिळून सहा खुर्च्यांचा एक संच घेतला, सपाट सिमेंटचे एक मैदान ठरविले आणि क्रीडाशिक्षकासोबत इंग्रजीच्या शिक्षकालाही तेथे उभे केले, तर सुरुवात होऊ शकते. तोपर्यंत साध्या खुर्चीचे ब्रेक लावून, जागेवरूनच चेंडू देण्या-घेण्याचा आणि हाक देण्याचा सराव करता येईल.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३० ने क्रीडा उपक्रमांतील सहभाग हा शासनाच्या जबाबदारीचा भाग केला आहे. त्यामुळे अशी मागणी म्हणजे दयेची याचना ठरत नाही.

उजनीच्या काठावरील नावाड्याला पक्ष्यांची इंग्रजी नावे आली, कारण ती ऐकायला समोर कुणीतरी होते. खेळाच्या तासाला वर्गात एकट्या बसणाऱ्या मुलालाही अशाच श्रोत्यांची गरज आहे. ‘पास मी द बॉल’ ही हाक त्याने द्यावी आणि चेंडू खरोखरच त्याच्याकडे यावा, एवढी सोय झाली तरी पहिला धडा पुरा झाला.