लेखणी अडते कुठे?

महागाव तालुक्यातल्या बंजारा तांड्यावरच्या एखाद्या मुलाला कापूसवेचणीबद्दल विचारा. बोंडाची वाळलेली टोकं बोटांना कशी लागतात, रानडुकरं आली की जागलीवर काय होतं, सगळं तो रंगवून सांगेल. त्यालाच म्हणा, यावर दहा ओळी लिही. पेन थांबतं.

त्याला सांगायचं असतं. अडचण असते एकाच वेळी कराव्या लागणाऱ्या कामांची. घरात गोरबोली, बाजारात वऱ्हाडी, पुस्तकात प्रमाण मराठी. प्रसंग आठवून त्याचा क्रम लावायचा, मग 'मले'चं 'मला', 'डोया'चा 'डोळा' करायचा, वेलांटी पहिली की दुसरी ते ठरवायचं आणि अक्षरही वळणदार काढायचं. एका वेळी माणसाचं मन थोडंच पेलू शकतं. सराईत माणसाचा हात शुद्धलेखन आपोआप सांभाळतो, म्हणून त्याचं लक्ष मजकुरावर राहतं. मुलाचं लक्ष वेलांटीतच संपतं आणि वाक्याचा धागा सुटतो. याला आळस म्हणणं अन्याय आहे.

पुढचं काम लाल पेन करतं. वही गोलांनी भरून परत आली की मूल आखूड, बिनचूक वाक्यांवर येतं, मग गाइडमधल्या निबंधावर. लिहिणं कमी झालं की हात सराईत होत नाही आणि धास्ती वाढते. जॉन डेली आणि मायकेल मिलर या अमेरिकी संशोधकांनी १९७५ साली ही भीती मोजण्यासाठी २६ विधानांची प्रश्नावली केली. लिहिणं टाळण्याबरोबरच, लिहिलेलं तपासलं जाण्याची भीतीही तिच्यात आहे. मराठीचा तास नावडता होतो तो बहुधा इथूनच. कारण कविता ऐकायला त्याच मुलांना आवडतं.

दहावीला हे महागात पडतं. मराठीच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत २४ गुण उपयोजित लेखनाचे: पत्र, बातमी, जाहिरात, कथा, निबंध. एवढं पाठ होत नाही.

उपाय कामं वेगळी करण्याचा. आधी प्रसंग तोंडी सांगू द्या, आपल्या बोलीत. मग तो जसा येईल तसा देवनागरीत उतरवू द्या, गोरबोलीत असला तरी. दुसऱ्या दिवशी त्याची प्रमाण मराठी करायची. शुद्धलेखन सगळ्यात शेवटी, तेही एका वेळी एकच नियम धरून. वेळ जास्त लागतो, अभ्यासक्रम मागे राहील असंही वाटतं. तरी महिन्यातून दोन निबंध असे झाले तर ते पाठ केलेल्या दहांपेक्षा मोलाचे आहेत.

गुरुजींना आणि मॅडमना एवढीच विनंती: पहिल्या कच्च्या लिखाणाला लाल पेन लावू नका. ते आधी वाचा आणि पुढे काय झालं, ते मुलाला विचारा.